गावातून एअरफोर्सचा पायलट व्हायचंय? फ्लाइट लाइनवरून पाहिलेलं सांगतो

एअरफोर्समध्ये मी इंजिन फिटर होतो. आधी हकीमपेटला किरण विमानांवर, जिथं कॅडेट जेट उडवायला शिकायचे, आणि नंतर एका लढाऊ स्क्वाड्रनच्या फ्लाइट लाइनवर, म्हणजे उडायला निघणारी विमानं उभी असतात तिथं. विमान मी कधी चालवलं नाही. पण शिडीवर चढून पायलटचे खांद्याचे पट्टे ओढून देणारा आणि तो खाली उतरल्यावर त्याचा चेहरा सगळ्यात आधी बघणारा माणूस आमच्यातलाच असतो. आता समुद्रपूर तालुक्यात माझ्या गावी कापूस-तूर करतो. नागपूरच्या सोनेगाव तळाकडं निघालेलं आयएल-७६ मालवाहू विमान डोक्यावरून गेलं की पोरं मान वर करतात, आणि सुट्ट्यांत एखादं पोरगं हमखास ओसरीवर येऊन बसतं: "काका, पायलट व्हाचं हाय, काय करू?" त्यांना जे सांगतो तेच इथं लिहितो आहे.

पहिली गोष्ट, कारण बाकीची तिच्यावर उभी आहे. चुकलं तर तिथल्या तिथं, आपल्या तोंडानं सांगायची सवय आजपासून लावा. मुलाखतीत हेच बघतात, शिकताना हेच कामी येतं, आणि स्क्वाड्रनमध्ये यावर माणसाचा जीव असतो. ते कसं, हे पुढं येईलच.

दहावी झाली की आपल्याकडं घाई होते आणि मार्क बघून कोणतीही शाखा धरली जाते. पायलट व्हायचं तर अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित दोन्ही पाहिजेत. डॉक्टरकीच्या नादात गणित सोडलेली हुशार पोरं नंतर माझ्याकडं येतात आणि मला त्यांना नाही म्हणावं लागतं. फार वाईट वाटतं.

बारावीवरचा रस्ता एनडीएचा, म्हणजे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा. वय साडेसोळा ते साडेएकोणीस, लग्न झालेलं नको. यूपीएससी ही परीक्षा वर्षातून दोनदा घेते. गणित ३०० गुणांचं, दुसरा पेपर ६०० चा, त्यात इंग्रजी २०० चं. चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापतात, म्हणून अंदाजपंचे ठोकू नका. लेखी ९०० आणि मुलाखत मंडळाचे, म्हणजे एसएसबीचे, आणखी ९००. बारावीत असतानाच अर्ज भरता येतो, हे आपल्याकडं पुष्कळांना ठाऊकच नसतं. मुलींसाठी हे दार २०२१ च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर उघडलं, २०२२ मध्ये पहिली तुकडी खडकवासल्याला गेली. मुलींना अर्जाची फीही नाही.

पदवीनंतरचा रस्ता एएफकॅटचा, म्हणजे एअरफोर्सच्या स्वतःच्या प्रवेश परीक्षेचा. वय २० ते २४. पदवी कोणतीही चालते, पण ६० टक्के हवेत आणि बारावीत गणित व भौतिकशास्त्रात प्रत्येकी ५० टक्के हवेत. बी.कॉम. झालेली पोरगीसुद्धा यातून पायलट होऊ शकते. कॉलेजात एनसीसीची एअर विंग मिळत असेल तर सोडू नका. तिच्या 'सी' प्रमाणपत्रावर वेगळी भरती असते आणि तिथं लेखी परीक्षा नसते.

तयारीसाठी शेत विकू नका. चंद्रपूरला सैनिकी शाळा आहे, सहावीत आणि नववीत प्रवेश मिळतो. दहावीनंतर छत्रपती संभाजीनगरला राज्य सरकारची सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था आहे, एसपीआय म्हणतात तिला. प्रवेश परीक्षा देऊन जायचं, अकरावी-बारावी आणि एनडीएची तयारी तिथंच होते. मुलींसाठी तशीच संस्था नाशिकला आहे. तालुक्याच्या गावात कोणी "साहेबांशी ओळख आहे, इतके लाख द्या" म्हणत असेल तर घरी परत या. ऑफिसर भरतीत पैशानं काम होत नाही. उलट तुमचंच नुकसान होतं.

आता शरीर. पुस्तक उघडायच्या आधी डोळे तपासा, चांगल्या डॉक्टरकडून, रंग ओळखायच्या तपासणीसकट. पायलटला एका डोळ्याला ६/६ आणि दुसऱ्याला ६/९ लागतं, आणि दूरचं दिसायला चष्मा लागत असेल तर एनडीएतून फ्लाइंगला अडतं. उंची १६२.५ सेंटिमीटर. एवढ्यावर पोरं थांबतात, पण मापं आणखी आहेत. भिंतीला पाठ टेकून जमिनीवर पाय सरळ पसरून बसा आणि भिंतीपासून टाचेपर्यंत मोजा: ९९ ते १२० सेंटिमीटरमध्ये यायला पाहिजे. बसल्या जागेपासून डोक्यापर्यंत ८१.५ ते ९६. मांडीची लांबी ६४ पेक्षा जास्त नको. ही मापं कॉकपिटमुळे आहेत. मांडी लांब असली आणि सीट बाहेर फेकायची वेळ आली तर गुडघे पुढच्या पॅनेलवर आपटून तुटतात. मी त्या सीटांच्या अवतीभवती काम केलं आहे, म्हणून या नियमाबद्दल मला कधी तक्रार वाटली नाही.

कानातला मळ, वाढलेलं वजन, नाकाचं हाड, हायड्रोसील, अशा कारणांनी पोरं तात्पुरती अनफिट होतात. उपचार करून अपील करता येतं. पण ते आधीच गावाकडं तपासून घेतलं तर धावपळ वाचते. जत्रेत हातावर मोठं नाव गोंदवून घेऊ नका. आदिवासी समाजातल्या परंपरेच्या गोंदणाला सवलत आहे, हौसेच्या गोंदणाला फार थोडी जागा आहे. आणि खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण. आपल्या भागात आठवी-नववीतली पोरं खर्रा खातात, हे सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी बोलत नाही. खर्ऱ्यानं तोंड उघडायचं कमी होतं, ते डॉक्टरला पहिल्याच तपासणीत दिसतं. आज सोडा.

एसएसबीची भीती आपल्या पोरांना इंग्रजीची असते. एअरफोर्सची मंडळं डेहराडून, म्हैसूर, गांधीनगर, वाराणसी अशा ठिकाणी आहेत. पहिल्याच दिवशी बुद्धिमापन आणि चित्रावरून गोष्ट, आणि त्यातून बरीच मुलं संध्याकाळच्या गाडीनं परत. राहिलेल्यांची मानसशास्त्राची चाचणी, मैदानावरची गटाची कामं, मुलाखत, आणि शेवटी सगळ्या अधिकाऱ्यांसमोर कॉन्फरन्स. एका प्रकारच्या भरतीला पहिल्यांदा जात असाल तर रेल्वेभाडं परत मिळतं, तिकीट जपून ठेवा.

तिथं पीआयक्यू नावाचा फॉर्म भरून घेतात: वडील काय करतात, उत्पन्न किती, छंद कोणते, किती वेळा नापास झालात. मुलाखत यावरूनच चालते. आमच्या शेजारच्या गावचा एक पोरगा क्लासच्या सांगण्यावरून छंद 'फोटोग्राफी' लिहून आला होता. घरी कॅमेरा नाही. दुसऱ्या प्रश्नालाच अडकला. पुढच्या वेळी मी त्याला म्हटलं, खरं लिही. त्यानं लिहिलं की वडील शेतमजूर, आणि मी सुट्टीत फवारणीला जातो. साहेबांनी अर्धा तास फवारणीवर विचारलं. औषध किती पाण्यात, वारा कोणत्या बाजूनं असला की थांबायचं, तोंडाला काय बांधतोस, बोंडअळी आली हे कशावरून कळतं. त्याचं इंग्रजी मोडकं होतं, पण एकाही उत्तरात तो अडला नाही, कारण सगळं त्याच्या हातचं होतं. निवड झाली त्याची. इंग्रजीसाठी रोज एक पान मोठ्यानं वाचा आणि दिवसभरात काय केलं ते आरशासमोर पाच मिनिटं इंग्रजीत बोला. व्याकरण चुकू द्या, थांबू नका.

पायलटसाठी आणखी एक चाचणी असते, सीपीएसएस, कॉम्प्युटरवरची. हात, पाय आणि नजर एकाच वेळी किती जुळतात ते त्यात बघतात. ही जन्मात एकदाच देता येते. त्यात नापास झालात तर फ्लाइंगचं दार कायमचं बंद, ग्राउंड ड्यूटीचं उघडं राहतं. म्हणून आदल्या रात्री गप्पा मारत जागू नका आणि सूचना नीट ऐका. मशीनची भीती कमी करायला ट्रॅक्टर, मोटरसायकल, काहीही चालवायला शिका. दोन्ही हात आणि दोन्ही पाय वेगवेगळी कामं करतात, एवढी तरी सवय होते.

एनडीएची तीन वर्षं कशी जातात ते तिथले सांगतील. मी दुंडीगलपासून पुढचं पाहिलं आहे. दुंडीगल हैदराबादजवळ, एअरफोर्स अकॅडमी. पहिलं विमान पिलाटस पीसी-७. त्यानंतर फायटर, ट्रान्सपोर्ट, हेलिकॉप्टर अशा वाटा होतात. फायटरवाल्यांना पुढं बिदरला हॉक जेट, ट्रान्सपोर्टवाल्यांना येलहंका, हेलिकॉप्टरवाल्यांना हकीमपेट. हेलिकॉप्टर मिळालं म्हणून रडणारी पोरं मी पाहिली आहेत. गडचिरोलीत निवडणुकीला मतदान पथकं पोचवणारी, पुरात छपरावरून माणसं उचलणारी ती मशीन. त्यात कमीपणा कसला?

हकीमपेटला एक गोष्ट मी रोज बघायचो. चांगले कॅडेट उड्डाणाच्या आदल्या संध्याकाळी खुर्चीवर बसून डोळे मिटून पूर्ण उड्डाण करायचे. डावा हात थ्रॉटलवर, उजवा स्टिकवर, तोंडानं एकेक चेक म्हणत: टॅक्सी, टेकऑफ, वळण, परत येताना चाकं खाली, तीन हिरवे दिवे. याला ते चेअर फ्लाइंग म्हणतात. इमर्जन्सीचे चेक तर झोपेतून उठवलं तरी यायला पाहिजेत, कारण इंजिन बंद पडल्यावर पुस्तक उघडायला वेळ नसतो. हे आजपासून करता येतं. सायकलवरून शाळेत जाता तो रस्ता डोळे मिटून वळणासकट म्हणून बघा. कुठं अडता ते कळेल.

सुरुवातीला पुष्कळांना विमानात ओकारी येते. लाजू नका, इन्स्ट्रक्टरला सांगा, बहुतेकांची ती जाते. सर्दी झाली असेल तर उडू नका, डॉक्टरला दाखवा. नाक बंद असताना झपाट्यानं खाली उतरलं की कानाच्या पडद्यावर असा दाब येतो की माणूस ओरडतो. पाणी भरपूर प्या. ६ जी च्या, म्हणजे वजन सहापट करणाऱ्या, वळणात ६० किलोचा माणूस ३६० किलोचा होतो, रक्त डोक्यातून पायाकडं ओढलं जातं, डोळ्यांपुढं करडं होतं. पोटऱ्या, मांड्या, पोट आवळून आखूड श्वास घ्यायचा असतो. ज्याच्या अंगात पाणी कमी आणि झोप अर्धी, तो आधी बेशुद्ध पडतो. ढगात शिरल्यावर कान आणि पोट सांगेल ते खोटं, समोरचं यंत्र सांगेल ते खरं.

काही कॅडेट फ्लाइंगमध्ये अडतात, त्यांना फ्लाइंगमधून काढतात, त्याला सस्पेंड करणं म्हणतात. घरी सांगायची लाज वाटून एक पोरगा दोन महिने फोन उचलत नव्हता. ग्राउंड ब्रँचमध्ये उत्तम अधिकारी होता येतं. आईबापांनी पण पोराला गावात तोंड दाखवायला जागा ठेवावी.

स्क्वाड्रनमध्ये नवीन फ्लाइंग ऑफिसर आला की महिनोन्‌महिने तो विद्यार्थीच असतो. सकाळी हवामानाची ब्रीफिंग, मग उड्डाणाची, उड्डाणानंतर डीब्रीफिंग, आणि ते कधीकधी उड्डाणापेक्षा लांब. बाकीच्या वेळात अभ्यास, सिम्युलेटर, सर्वात ज्युनिअर म्हणून मेसची आणि कार्यक्रमांची पडतील ती कामं. ती हसत करा. सीनिअर बघत असतात.

विमानाकडं येताना फॉर्म ७०० वाचा. आम्ही त्याला नुसतं सेव्हन हंड्रेड म्हणतो. कोणतं काम झालं, कोणाच्या सहीनं झालं, काय शिल्लक आहे, सगळं त्यात असतं, आणि पायलट सही करून विमान ताब्यात घेतो. नुसती सही ठोकणारा आणि मागचं पान उलटून "हे काल कशामुळं बदललं?" विचारणारा, यातला फरक आम्हाला पहिल्या आठवड्यात कळतो. मग विमानाला पूर्ण फेरी मारा. टायर, हवा आत जायचं तोंड, लाल फितीच्या पिना निघाल्या का. खिशातलं पेन, अंगठी, नाणं काढून ठेवा. कॉकपिटमध्ये सुटलेलं नाणं कंट्रोलमध्ये अडकू शकतं. आम्ही स्वतः काम संपल्यावर पेटीतला प्रत्येक पाना मोजतो, आणि एक कमी भरला तर तो सापडेपर्यंत विमान हलत नाही. लाइनवरच्या माणसांची नावं पाठ करा. वयानं मोठ्या सार्जंटला नावानं विचारलं की तो पायलटनं न विचारताही चार गोष्टी जास्त सांगतो.

आता सुरुवातीला म्हटलं ते. एक नवीन पोरगा, येऊन सहाएक महिने झालेले, एका संध्याकाळी उतरला. मी शिडी लावली. हेल्मेट काढायच्या आधीच तो म्हणाला, "सार्जंट, ओव्हर-जी झालं, वळणात जास्त ओढलं." कोणी विचारलं नव्हतं. विमान ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त ताणलं गेलं की पॅनेल उघडून सांगाडा तपासावा लागतो. आम्ही रात्रभर टॉर्च घेऊन पंखांच्या जोडांवर होतो, आणि तो जेवून परत येऊन पहाटेपर्यंत आमच्यासोबत हँगरमध्ये उभा होता. काही निघालं नाही. सकाळी डीब्रीफिंगला त्यानं तेच सगळ्यांपुढं सांगितलं, कुठं, किती वेगात, का. त्याला बोलणी बसली. पण त्यानंतर त्याची सही असलेला फॉर्म ७०० आला की आमच्या लाइनवर कोणाला शंका यायची नाही. तो गप्प राहिला असता तर दुसऱ्या दिवशी त्याच विमानात दुसरा कोणीतरी बसणार होता.

घरच्यांसाठी थोडं. प्रशिक्षणाच्या शेवटच्या वर्षात महिन्याला ५६,१०० रुपये मिळतात, नंतर पगारावर फ्लाइंगचा वेगळा भत्ता. पहिल्याच वर्षी गाडीचं कर्ज काढायला लावू नका. उड्डाण कधी, तळ कुठं, विमानं किती, हे पोराला विचारू नका आणि त्याचे विमानाजवळचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नका. वावराच्या धुऱ्याचं भांडण रात्री फोनवर सांगू नका. सकाळी त्याला उडायचं असतं. रविवारी सांगा.

आणि या आठवड्यात करायचं काम: दहावीची सनद आणि आधार समोरासमोर ठेवून तुमचं, वडिलांचं, आईचं नाव अक्षर न अक्षर जुळतं का बघा. जन्मतारीख बघा. आपल्याकडं शाळेत मास्तरांनी अंदाजे घातलेल्या तारखा आणि नावातले फरक कागदपत्रांच्या तपासणीला निघतात. दुरुस्तीला बोर्डाच्या ऑफिसात चकरा लागतात, आणि भरतीचे फॉर्म निघाल्यावर त्याला वेळ उरत नाही.