जीएसटी रिटर्नच्या दिवसांत एकावेळी एकच काम कसं करायचं

अकाउंट्सवाल्यांना माहितीये, १४ तारखेला २बी (खरेदीवरच्या टॅक्स क्रेडिटचं पोर्टलवर आपोआप येणारं स्टेटमेंट) आलं की २० तारखेच्या ३बी (महिन्याचा टॅक्स भरायचं रिटर्न) पर्यंत नुसती धावपळ, खरेदीची बिलं जुळवतोय तोवर क्लायंटचा फोन, मग व्हॉट्सअ‍ॅप, मग साहेब म्हणतात ते चलन बघ जरा, आणि परत येऊन बसलं की कुठल्या बिलापर्यंत आलेलो तेच आठवत नाही. कामाच्या ठिकाणचं लक्ष यावर अभ्यास करणाऱ्या संशोधक सोफी लरॉय यांच्या २००९ च्या संशोधनात हेच आहे, काम अर्धवट सोडलं की डोकं थोडं तिथंच अडकून राहतं.

म्हणून एकावेळी एकच क्लायंट उघडा, बाकी सगळ्या फायली बंद. फोन सायलेंट करून ड्रॉवरमध्ये टाका, टेबलावर उलटा ठेवून काही होत नाही. २५ मिनिटांचा टायमर लावा, मग ५ मिनिटं ब्रेक, पण जुळवणी रंगात आली असेल तर टायमर वाजला म्हणून उठू नका असं माझं स्पष्ट मत आहे. मधेच कोणी काम सांगितलं तर वहीत एक ओळ लिहून ठेवा. उठावंच लागलं तर, हे सगळ्यात महत्त्वाचं, एक्सेलमध्ये शेवटच्या तपासलेल्या ओळीला पिवळा रंग द्या आणि शेजारी पुढचं काय करायचंय ते लिहा, परत आल्यावर शोधाशोध वाचते. आणि क्लायंटना आधीच सांगा की फोन जेवणानंतर करा, नीट सांगितलं तर लोक ऐकतात हो.