फुल इन्शुरन्स आहे, पण इंजिनचं काय?

गाडीच्या फुल इन्शुरन्समध्ये मुख्य दोन भाग असतात: समोरच्याच्या नुकसानीसाठी थर्ड पार्टी आणि स्वतःच्या गाडीसाठी ओन डॅमेज. चोरी, आग, पूर, अपघात दुसऱ्यात येतात. रात्री रोही किंवा रानडुक्कर आडवं आलं तरी क्लेम होतो, पण पूर्ण पैसे नाही. प्लास्टिक-रबरच्या भागांवर 50 टक्के घसारा, म्हणजे वापराने उतरलेली किंमत, कापला जातो. 8,000 चं बंपर असेल तर 4,000 धरले जातात, त्यातूनही 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला आपल्या वाट्याचे 1,000 रुपये वजा. हा घसारा टाळायचा तर झिरो डेप हे जादा कव्हर जोडून घ्या.

आपल्याकडे खरा घोळ पावसाळ्यात होतो. नाल्याच्या रपट्यावर गाडी बंद पडली की लोक पुन्हा सेल्फ मारतात. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि कंपनी म्हणते हे नुकसान पुराने नाही, तुम्ही केलं. म्हणून चावी फिरवू नका. फोटो काढा, बॅटरीची वायर सोडा, कंपनीला कळवा आणि गाडी ओढून न्या. इंजिनच्या अशा नुकसानीसाठी इंजिन प्रोटेक्ट हे जादा कव्हर वेगळं घ्यावं लागतं. नाल्याकाठच्या गावात ते झिरो डेपपेक्षाही कामाचं.

खासगी पॉलिसीवर भाडं घेऊन वऱ्हाड नेलं, तर क्लेम नाकारला जाऊ शकतो. अन् पॉलिसी संपून 90 दिवस उलटले की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गेलाच.