बिलांच्या ऑडिटचं पत्र आलं की रुग्णालयाने काय करावं

पत्र हातात पडलं की आधी आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का मारा, मुदत तिथूनच मोजायची असते. मग पत्र कुणाचं आहे ते पाहा. विमा कंपनीच्या टीपीएचं (कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेचं) असेल तर तुमचा करार आणि त्यातला दरतक्ता काढा. महात्मा फुले योजना किंवा आयुष्मान भारतचं असेल तर प्रश्न राज्य आरोग्य हमी सोसायटीचा. तिथे पॅकेजचे, म्हणजे एकेका उपचारासाठी ठरवून दिलेल्या एकत्रित दराचे, नियम लागतात.

उत्तराची जबाबदारी एकाच माणसावर द्या. बिलिंगवाला एक सांगतो, निवासी डॉक्टर दुसरंच, आणि ऑडिटर दोन्ही लिहून घेतो.

पत्र आल्यावर जुन्या केसपेपरला हात लावायचा नाही. राहून गेलेली सही मागच्या तारखेने करणं हा सगळ्यात महागात पडणारा प्रकार; साधी त्रुटी असते, तिची बनावटगिरी होते. नोंद खरंच राहिली असेल तर आजची तारीख आणि वेळ घालून ‘उशिरा केलेली नोंद’ असं लिहून सही करा.

आता प्रत्येक क्लेमचे कागद लावा: दाखल करतानाची नोंद, संमतीपत्र, रोजच्या नोंदी, नर्सिंग चार्ट, ऑपरेशन व भुलीच्या नोंदी, तपासण्यांचे रिपोर्ट, इम्प्लांटचे (शरीरात बसवलेल्या वस्तूंचे) स्टिकर, डिस्चार्ज कार्ड, बिल. पानांना क्रमांक द्या. मग वेळा जुळवा, कारण ऑडिटर नेमकं तेच करतो. बिलात आयसीयूचे पाच दिवस आहेत आणि नर्सिंग चार्टवर तिसऱ्या दिवशी सकाळी ‘वॉर्डात हलवले’ असं लिहिलंय, तर वरचे दिवस कापले जाणारच. स्टेंटच्या स्टिकरवरचा क्रमांक कॅथलॅबच्या (स्टेंट बसवतात त्या विभागाच्या) रजिस्टरशी आणि खरेदीच्या बिलाशी ताडून पाहा. स्टेंटच्या कमाल किमती फेब्रुवारी 2017 पासून सरकारने बांधल्या आहेत, त्याहून जास्त लावलेला रुपया वादातही टिकत नाही.

योजनेच्या रुग्णांबाबत ऑडिटर थेट रुग्णाला फोन करतात. औषधं आणि तपासण्या पॅकेजमध्येच धरलेल्या असतात. नातेवाइकाला चिठ्ठी देऊन बाहेरून औषधं आणायला लावली असतील, तर ती पावती त्याच्याकडे असतेच. अशा वेळी नाकारत बसू नका. पैसे परत करा आणि त्याची पोच उत्तराला जोडा.

उत्तर मुद्द्यांनुसार लिहा. चूक असेल तिथे रक्कम काढून मान्य करा. नसेल तिथे पान क्रमांकासह पुरावा द्या. ‘रुग्ण गंभीर होता’ एवढ्याने भागत नाही, ऑक्सिजन किती होता, रक्तदाब किती, हे त्या दिवशीच्या चार्टवरून दाखवा. झेरॉक्स द्या, मूळ कागद सोडू नका, आणि पोच घेतल्याशिवाय काहीही देऊ नका. पथक थेट आलं तर ओळखपत्र व अधिकारपत्र पाहा. तपासणी अहवाल पटला नाही तरी सही टाळू नका. सहीशेजारी आपला आक्षेप लिहा.

आंतररुग्णांचे कागद उपचार सुरू झाल्यापासून किमान 3 वर्षं जपण्याचा वैद्यक परिषदेचा 2002 चा नियम आहे. करारात जास्त मुदत असेल तर ती पाळा, आणि प्रकरण चालू असेपर्यंत काहीच रद्दीत काढू नका. आयुष्मान भारतमध्ये निर्णय पटला नाही तर जिल्हा तक्रार निवारण समिती, तिच्यावर राज्य आणि मग राष्ट्रीय समिती असे टप्पे आहेत. तिथेही तुमचं मूळ उत्तरच वाचलं जातं, म्हणून पहिल्याच उत्तरात सगळे पुरावे जोडा.