सहामाहीआधीची तयारी : कंस सोडवणे आणि किंमत घालणे

गणपतीची सुट्टी आटोपून कोकणातल्या शाळा पुन्हा भरू लागल्या की सहामाही परीक्षा तोंडावर आलेली असते, आणि कंस सोडवून राशीची किंमत काढण्याचा भाग तेव्हा कच्चा राहिला, तर पुढे अवयव आणि समीकरणे दोन्ही अडतात. म्हणून सरावाला बसण्यापूर्वी पद, सहगुणक (५क्ष मधला ५) आणि सजातीय पदे (ज्यांत क्ष आणि त्याचा घात सारखाच असतो अशी पदे) नीट ओळखता येतात ना, हे विद्यार्थ्याने पाहावे. ५क्ष आणि ५क्ष² यांची बेरीज १०क्ष² अशी होत असेल, तर पुढची पाने उलटू नयेत.

कंसाबाहेरची संख्या आतल्या प्रत्येक पदाला गुणते, हे नुसते पाठ न करता पटवून घ्यावे. हापूसच्या ५ पेट्यांत प्रत्येकी क्ष आंबे भरले आणि प्रत्येक पेटीतून ३ डागी आंबे काढले, तर उरलेले आंबे ५(क्ष − ३), म्हणजेच ५क्ष − १५. पेटी चार डझनांची असेल, तर क्ष = ४८ घालून दोन्ही रूपांतून २२५ येतात. घाईत ५क्ष − ३ लिहिणाऱ्याला मात्र २३७ मिळतात, कारण त्याने एकाच पेटीतले डागी आंबे काढले आणि उरलेल्या चार पेट्यांतले १२ तसेच राहू दिले.

सर्वांत जास्त वेळ ऋण चिन्हाला द्यावा. या प्रकरणातले गुण माझ्या मते तिथेच जातात. ७ − २(क्ष − ५) या राशीत ७ मधून २ आधी वजा करायचे नसतात, तर −२ ने कंसातल्या दोन्ही पदांना गुणायचे असते, त्यामुळे ७ − २क्ष + १०, म्हणजे १७ − २क्ष, असा विस्तार मिळतो. घालायची किंमत ऋण असेल, तर ती न चुकता कंसात लिहावी : क्ष = −३ असताना १७ − २(−३) = २३. वर्ग करतानाही हे जपावे, कारण (−३)² म्हणजे ९, पण −३² म्हणजे −९. ३क्ष² मध्ये वर्ग केवळ क्षचा असतो, म्हणून क्ष = −२ असताना उत्तर १२ येते, ३६ नव्हे.

विस्तार लिहून झाला की ताळा पाहावाच. मूळ राशीत आणि विस्तारात एकच किंमत घालून उत्तरे ताडायची, मात्र त्यासाठी ०, १ किंवा २ घेऊ नये. (क्ष + ४)² चा विस्तार क्ष² + १६ असा लिहिला, तर ० घातल्यावर ही चूक लपते. १ घेतल्यास क्ष आणि क्ष² सारखेच दिसतात, आणि २ घेतल्यास २क्ष आणि क्ष². क्ष = ३ घातले, की एकीकडे ४९ आणि दुसरीकडे २५ येतात, आणि मधले ८क्ष हे पद सुटल्याचे २४ च्या फरकावरून कळते. ताळा एकदा जुळला म्हणून विस्तार अचूकच ठरत नाही, पण जुळला नाही तर कुठेतरी चुकले आहे हे नक्की, आणि अशा वेळी सगळे खोडण्याआधी चिन्हे तपासावीत.