बॅचमधल्या सगळ्यांची खबरबात गोळा करायचीय? मग असं करा

आमची सांगलीची इंजिनिअरिंगची बॅच, १९८४ ची, सिव्हिल. चाळीस वर्षं झाली तेव्हा स्नेहमेळाव्याच्या आधी सगळ्यांची खबरबात एका पुस्तिकेत घ्यायची ठरली आणि ते काम मी अंगावर घेतलं. आता आमच्या मागच्या बॅचवाले फोन करून विचारतात, कसं केलंत, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतेय.

पहिली गोष्ट, ग्रुपवर "सगळ्यांनी आपापली माहिती पाठवा" असा मेसेज टाकून बसू नका. मी तेच केलं होतं, फॉर्मची लिंकपण दिली, पंधरा दिवसांत अकरा उत्तरं आली आणि सगळी एकाच साच्यातली, रिटायर्ड, दोन मुलं, पुण्यात सेटल्ड. यात माणूस कुठे दिसतो? त्यामुळे सरळ फोन लावायचा. रोज दोन, जास्त नाही, कारण एकेक फोन तासभर चालतो आणि तो चाललाच पाहिजे. परदेशातल्यांसाठी रविवारी सकाळी साडेसातची वेळ मला फार सोयीची पडली, तेव्हा न्यू जर्सीत शनिवारचे रात्रीचे दहा वाजलेले असतात (थंडीत नऊ), जेवणं झालेली असतात, माणूस निवांत बोलतो.

आणि "काय चाललंय?" असं विचारू नका हो, त्याला "मजेत" एवढंच उत्तर येतं. एखादा नेमका दिवस विचारा. मी सगळ्यांना विचारायचे, नोकरीचा शेवटचा दिवस कसा गेला?

या एका प्रश्नाने केवढं काय बाहेर आलं! आमच्या वर्गातल्या बऱ्याच जणांचा कागदोपत्री वाढदिवस १ जून, शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेला. त्यातले जे राज्य सरकारात होते आणि १९६२ ची तारीख होती ते अठ्ठावन्न पूर्ण होताना ३१ मे २०२० ला रिटायर झाले, म्हणजे भर लॉकडाऊनमध्ये, ना निरोप समारंभ ना नारळ-शाल. पाटबंधारे खात्यातला आमचा एक मित्र सांगत होता, उन्हाळी आवर्तन (शेतीसाठी कालव्यात पाणी सोडायची पाळी) चालू होतं, तो मास्क लावून संध्याकाळपर्यंत कालव्यावरच होता, मग ऑफिसात येऊन चार्ज रिपोर्टवर सही केली, शिपायाने लांबूनच हात जोडले आणि हा गाडीत बसून घरी. हे त्याने चार वर्षांत कोणालाच सांगितलं नव्हतं, कोणी विचारलंच नव्हतं ना. मी ते त्याच्याच शब्दांत घेतलं. मेळाव्यात पाच-सहा जणांनी मिळून अशा सगळ्यांना शाल-श्रीफळ दिलं, राहिलेला निरोप तिथे झाला.

म्हणून बोलणं चालू असताना वहीत लिहा, त्यांचे शब्द तसेच ठेवा. "एमएसईबीत होतो" म्हणाला तर तसंच राहू दे, २००५ मध्ये वीज मंडळाच्या वेगवेगळ्या कंपन्या झाल्या ते कंसात घाला फार तर.

मैत्रिणींचं नाव माहेरचं आणि सासरचं दोन्ही लिहा, क्रम हजेरीपटाचाच ठेवा. आम्ही वर्गात पाच मुली होतो, त्यातली एक लग्नानंतरच्या नावामुळे कोणाला सापडतच नव्हती. शेवटी तिच्या माहेरच्या गावातल्या किराणा दुकानदाराकडून भावाचा नंबर मिळाला. तिने नोकरी केली नाही, सासऱ्यांचं आजारपण आणि दोन मुलं यात वर्षं गेली, आणि ती म्हणाली माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही गं. तिथे फोन ठेवायचा नाही. अर्ध्या तासाने कळलं की गावात तिचं स्वतःचं घर तिने डिझाइन करून उभं राहून बांधून घेतलंय, स्लॅबच्या दिवशी पहाटेपासून स्वतः हजर. पुस्तिकेत तिला दोन पानं दिली.

प्रवासाचं म्हणाल तर देशांची यादी नको, एकच प्रसंग घ्या. नर्मदा परिक्रमा केलेल्याकडून एका मुक्कामाची हकिकत पुरे.

दुःखाच्या गोष्टी जपून. जोडीदार गेलाय, मुलाचं लग्न मोडलंय, हे बोलण्याच्या ओघात येतं पण छापायच्या आधी परत फोन करून मजकूर वाचून दाखवा आणि "हे ठेवू का?" असं स्पष्ट विचारा. तिघांनी काढायला सांगितलं, मी लगेच काढलं. पगार, पेन्शन, मुलांची पॅकेजेस हे मी घेतलंच नाही, त्याने बाकीचे गप्प होतात.

फोटोंचं थोडक्यात, जुना फोटो खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद करून काढायला सांगा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून मागवा, नाहीतर छपाईत धुरकट येतो. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. अक्षर मोठं ठेवा, चौदा पॉइंटच्या खाली नको, आपले सगळ्यांचे डोळे आता साठीचे आहेत.

जे गेले त्यांची पानं सगळ्यात आधी करायला घ्या, कारण त्यांना वेळ लागतो. घरी फोन करायचा, वहिनी असतील तर आधी फक्त चौकशी करायची, दुसऱ्या फोनला विषय काढायचा. एका वहिनींनी त्याची हॉस्टेलच्या मेसची वही जपून ठेवली होती, त्यात माझ्याकडून उसने घेतलेले बारा रुपये लिहिलेले, पुढे "दिले" अशी खूण. त्या पानाचा फोटो आम्ही जसाच्या तसा छापला. छापून आल्यावर पहिल्या प्रती या घरांना पाठवा, स्पीड पोस्टाने, मेळाव्याच्या आधी पोचतील अशा बेताने.