काल्पनिक प्राचीन संस्कृतीच्या पूजावस्तू घडवताय? या चुका टाळा

विधी ठरण्याआधीच वस्तूचा आकार ठरला, की पुढे सगळेच अडते. पात्रातून तेल ओतायचे की पाणी, ते एकाने धरायचे की दोघांनी, विधी झाल्यावर कुठे ठेवायचे, हे आधी लिहून काढा. तोटीची दिशा, मुठीची जाडी, बुडाची रुंदी त्यातूनच ठरते.

झीज सगळीकडे सारखी दाखवणे ही दुसरी चूक. पॉलिश पेपर फक्त मुठीवर, काठावर, उंचवट्यांवर आणि बुडाच्या कडेवर फिरवा. कोरलेल्या खोलगट रेषांत मळ राहू द्या. दिव्याची काजळी वातीच्या टोकापाशी धरते, बुडाखाली नाही. तुकडा उडवायचाच असेल तर कान, तोटी किंवा काठाचा उडवा, कारण आधी तेच फुटतात.

तांब्याचा हिरवा गंज पावडरीसारखा झडत असेल, तर पृष्ठभागावर तेलकटपणा किंवा लॅकर राहिले आहे, नाहीतर एकाच वेळी जाड थर चढवला आहे. वस्तू साबणाने घासून कोरडी करा. व्हिनेगरमध्ये मीठ विरघळवून पातळ हात फिरवा. मग झाकणाच्या डब्यात, अमोनियाच्या वाटीशेजारी पण तिला न टेकवता, रात्रभर ठेवा. वाळल्यावर पुन्हा पातळ हात. रंग मनासारखा आला की मेण लावा. मेणाने छटा थोडी गडद होते, त्यामुळे जरा फिक्यावरच थांबा. हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा, अमोनियाजवळ ब्लीच आणूच नका. हा थर विषारी असतो, म्हणून अशा पात्रातून काही खाऊ-पिऊ नये. शुद्ध सोन्यावर मात्र गंज चढत नाही. सोनेरी वस्तूवर हिरवे डाग हवेत तर ती मुलामा दिलेल्या तांब्याची आहे असे ठरवा आणि मुलामा झिजलेल्या जागीच हिरवे दाखवा.

मातीची मूर्ती भट्टीत फुटते ती बहुधा आत राहिलेल्या ओलाव्याची वाफ झाल्यामुळे. मूर्ती आतून पोकळ करा, बुडाला भोक ठेवा, पूर्ण वाळू द्या. कान सांध्यापाशी तडकतो, कारण तो जास्त ओला असताना जोडलेला असतो. दोन्ही भाग सारखेच घट्ट झाल्यावर सांधा खरवडून मातीच्या राबडीने जोडा.

लिपीत तर हौसच नडते. एका पाटीवर पन्नास चिन्हे आणि एकही दुसऱ्यांदा नाही, असे दिसले की ती नक्षी वाटते. सिंधू लिपीत सुमारे 400 चिन्हे मोजली जातात, तरी तिचे लेख सरासरी पाचेक चिन्हांचेच आहेत. चिन्हे कमी घ्या, काही पुन्हा येऊ द्या. रेषाही हत्याराला शोभली पाहिजे: ओल्या मातीत बोरूचे टोक दाबले की पाचर उमटते, गुळगुळीत वळण नाही. मुद्रा उलटी कोरा, म्हणजे ठसा सुलट येईल. दगडी मण्याचे भोक दोन्ही बाजूंनी पाडा. मधे किंचित अरुंद झालेले भोक हाताच्या गिरमिटाचे वाटते.

बुडाखाली स्वतःची खूण आणि वर्ष कोरायला विसरू नका, नाहीतर पुढे कुणी ती वस्तू खरी पुरातन म्हणून विकू शकेल. गंज चढवण्याआधीच कोरा. नंतर कोरले तर तेवढ्या जागी थर खरवडला जातो आणि उघडे तांबे चमकते.