इलेक्ट्रिक पिकअप की गॅसचा? खर्च असा काढा

अमेरिकेत इलेक्ट्रिक की गॅसचा (म्हणजे पेट्रोलचा) पिकअप घ्यायचा म्हटलं की दोन पार्ट्या लगेच तयार होतात, एक म्हणते चार्जिंग म्हणजे जवळपास फुकटच, दुसरी म्हणते बॅटरी गेली की दिवाळं निघतं. दोघांचं सोडा आणि सरळ एक्सेल उघडा, कारण तोच ट्रक एकाला स्वस्त पडतो आणि दुसऱ्याला महाग, आणि पहिला फरक पडतो तो तुम्ही चार्जिंग कुठे करता आणि तिथे युनिटला काय मोजता यावरून.

सुरुवात वर्षाच्या मैलांपासून. मनाने आकडा टाकू नका, सर्व्हिसच्या जुन्या पावत्यांवर तारीख आणि ओडोमीटर दोन्ही असतात, त्यातून काढा. मी इथे उदाहरणाला १२,००० मैल धरतोय.

गॅसचं गणित सोपं आहे. फोर्डच्या एफ-१५० सारखा पिकअप ट्रक मिक्स ड्रायव्हिंगमध्ये गॅलनला २० मैलांच्या आसपास देतो असं धरा, म्हणजे ६०० गॅलन, आणि गॅलनला ३.२० डॉलर धरले तर वर्षाला १,९२० डॉलर, मैलाला १६ सेंट. तुमच्याकडचा भाव वेगळा असेल तर तो टाका.

इलेक्ट्रिकचं करताना लोक गडबड करतात. बॅटरीची साइज भागिले रेंज असं करतात आणि खूश होतात. २०२२ च्या लाइटनिंगच्या, म्हणजे इलेक्ट्रिक एफ-१५० च्या, मोठ्या बॅटरीचं बघा, १३१ युनिट आणि रेंज ३२० मैल, म्हणजे १०० मैलाला ४१ युनिट दिसतात, पण ईपीएच्या (अमेरिकेची सरकारी पर्यावरण संस्था) लेबलवर आकडा आहे ४८ च्या आसपास. मधली ही युनिटं चार्ज करतानाच जातात, पण बिल तर त्यांचंही येतं ना. म्हणून कायम ईपीएचाच आकडा घ्या, त्यात हा लॉस धरलेला असतो, ट्रकच्या स्क्रीनवर दिसणारा घेऊ नका.

मग १२,००० मैलांना ५,७६० युनिट. घरी १७ सेंटने चार्ज केलं तर साधारण ९८० डॉलर, वर्षाला साडेनऊशेच्या जवळ वाचले. आता तेच सगळं हायवेवरच्या फास्ट चार्जरवर ५० सेंटने केलं तर २,८८० डॉलर! गॅसपेक्षा जवळपास हजार डॉलर जास्त. ट्रक तोच, मैल तेवढेच.

म्हणून मी आधी बरोबरीचा दर काढायला सांगतो. गॅलनचा भाव भागिले मायलेज, आणि आलेल्या उत्तराला परत ०.४८ ने (मैलाला लागणारे युनिट) भागा. वरच्या उदाहरणात १६ सेंट भागिले ०.४८ म्हणजे ३३ सेंट. तुमची वीज याच्या खाली असेल तर इंधनात इलेक्ट्रिक जिंकतो, वर असेल तर हरतो. कॅलिफोर्नियात अनेकांच्या घरचाच दर या आकड्याच्या जवळ किंवा वर असतो, तिथे रात्री स्वस्त पडणारा ईव्हीचा (इलेक्ट्रिक गाडीचा) वीज प्लॅन घेतल्याशिवाय मजा नाही. आणि दर बिलावरूनच घ्या, नुसता सप्लायचा (विजेचा) नाही, डिलिव्हरीचाही (वीज घरापर्यंत आणण्याचा) मिळवून, फक्त महिन्याचा फिक्स चार्ज सोडा कारण तो ट्रक नसला तरी भरताच.

बहुतेकांचं मिक्स असतं. ७० टक्के घरी आणि ३० टक्के बाहेर धरलं तर वरच्याच दरांनी १,५५० च्या आसपास येतं, म्हणजे बचत पावणेचारशेवर आली. अपार्टमेंटमध्ये राहत असाल आणि स्वतःचा प्लग नसेल तर माझ्या मते इथेच थांबा, गॅसचा किंवा हायब्रिड घ्या.

ट्रेलर ओढणाऱ्यांनी अजून एक धरायचं. जड, उंच ट्रेलर लावला की रेंज निम्म्यावर येऊ शकते, मायलेज गॅसचंही पडतं म्हणा, पण इलेक्ट्रिकला त्यामुळे वाटेत फास्ट चार्जर गाठावा लागतो, म्हणजे युनिट जास्त आणि दरही महाग, दोन्हीकडून मार. कडक थंडीतही युनिट जास्त जातात, हिवाळा मोठा असेल तर ४८ च्या जागी थोडा वरचा आकडा टाका.

मेंटेनन्समध्ये मात्र इलेक्ट्रिक खरंच पुढे आहे. ऑइल चेंज नाही, स्पार्क प्लग नाहीत, ब्रेक पॅड पण जास्त टिकतात. अमेरिकेच्या सरकारी आर्गॉन लॅबच्या २०२१ च्या अभ्यासात गॅस गाडीला मैलाला १०.१ सेंट आणि इलेक्ट्रिकला ६.१ सेंट असा मेंटेनन्स आला होता, म्हणजे आपल्या मैलांना वर्षाचे ४८० डॉलर वाचले. फक्त ते आकडे एकूण लाइट-ड्यूटी (हलक्या) गाड्यांसाठीचे आहेत, खास पिकअपचे नाहीत, जड इलेक्ट्रिक ट्रक टायर लवकर खातो, त्यामुळे मी थोडे कमीच धरेन.

वाचलेलं कुठे जातं तेही लिहा. २४० व्होल्टचा चार्जर लावायचा खर्च, त्यात घराचं पॅनल जुनं निघालं तर खर्च बराच वाढतो, म्हणून ट्रक बुक करायच्या आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. इन्शुरन्सचा कोट दोन्ही ट्रकचा घ्या, अंदाज नको. कित्येक राज्यांत ईव्हीला वेगळी फी आहे, टेक्सासमध्ये वर्षाला २०० डॉलर. लोक यावर चिडतात, पण ६०० गॅलनवर फेडरल १८.४ आणि टेक्सासचा २० सेंट टॅक्स धरला तर गॅसवाला २३० भरतोच की.

आता सगळ्यात मोठा आकडा, जो लोक लिहीतच नाहीत, तो म्हणजे विकताना किती किंमत येते. नव्या ईव्हीवरचं ७,५०० डॉलरचं फेडरल टॅक्स क्रेडिट ३० सप्टेंबर २०२५ ला संपलं, त्यामुळे जुन्या व्हिडिओंमधली गणितं विसरा. त्यात डिसेंबर २०२५ मध्ये फोर्डने पूर्ण इलेक्ट्रिक लाइटनिंग बंद करत असल्याचं जाहीर केलं. नवा घेऊन पाच वर्षांनी विकणार असाल तर इंधनात वाचलेलं सगळं या एका ओळीत जाऊ शकतं. दोन्ही ट्रकचे तीन-चार वर्ष जुने मॉडेल आज कितीला विकायला आहेत ते बघा आणि मूळ किमतीतून वजा करा, पण ट्रिम (मॉडेलची साधी-महागडी श्रेणी) सारखीच घ्या, नाहीतर साधा गॅसवाला आणि टॉपचा इलेक्ट्रिक अशी तुलना होते.

याची दुसरी बाजू म्हणजे सेकंडहँड घेणाऱ्याला हीच घसरण फायद्याची. घरी स्वस्त वीज असेल तर मी जुनाच इलेक्ट्रिक बघेन. लाइटनिंगच्या बॅटरीला ८ वर्षं किंवा १,००,००० मैल, जे आधी येईल तेवढी वॉरंटी आहे, पण ती ट्रक पहिल्या मालकाला मिळाला तेव्हापासून मोजतात, तुम्ही घेतला तेव्हापासून नाही, त्यामुळे पैसे देण्याआधी ती तारीख डीलरकडून लिहून घ्या.